सहयजमान

१

चष्मेवाल्याच्या घरी सकाळ उजाडायची 'अहो'ने आणि दिवस मावळायचा तोही 'अहो'ने. 'अहो, दूध उतू जातंय', 'अहो, जरा वर या', 'अहो, ऐकू येतंय का?' ऐकू सगळं यायचं. कान ठणठणीत होते. पण गडी मुरलेला. दुकानात गिऱ्हाईक असो नसो, हातात एखादी फ्रेम धरायची, तिच्या काडीच्या स्क्रूत डोकं घालायचं आणि तिथूनच ओरडायचं, "आलो आलो!" हे 'आलो आलो' म्हणजे 'येत नाही' याचं सभ्य रूप आहे, हे बायकोला लग्नानंतर लवकरच कळलं होतं. तरी ती हाक मारायची. सवय म्हणा, आशा म्हणा.

घर त्याचं स्वतःचं. रस्त्याला लागून दुकान, दुकानामागे एक खोली, तिच्यामागे स्वयंपाकघर. स्वयंपाकघराच्या बोळातून वर जाणारा अरुंद जिना आणि वर दोन खोल्या. एकुलती एक मुलगी नोकरीसाठी दूर गेली आणि त्या दोन खोल्या रिकाम्या पडल्या. चष्मेवाल्याला त्याचं काही वाटलं नाही, तो वर जायचाच कधी? बायकोला मात्र ते घर खायला उठायचं. म्हणून तिने खोल्या पाहुण्यांना द्यायच्या ठरवल्या. एक रात्र, दोन रात्री, फार तर आठवडा. येणाऱ्यांसाठी रस्त्याकडून लोखंडी जिना होता. आतल्या जिन्याच्या तोंडाशी दार होतं, त्याला बोळाच्या बाजूने कडी.

फोनवर सगळं मांडून दिलं ते मेहुण्याने. खोल्यांचे फोटो, नियम, आणि वर चष्मेवाल्याचा एक फोटो, ज्यात तो उधारी मागायला आलेल्या माणसासारखा दिसत होता. खाली लिहिलं होतं, 'यजमान'.

"वा!" बायको म्हणाली, "फोनला तरी कळलं."

पाहुणे यायला लागले. आणि एका 'अहो'च्या जागी दहा 'अहो' झाले. 'अहो, गादी उचलायला या', 'अहो, नळ गळतोय', 'अहो, चादरीचं एक टोक धरा ना.' चादर मोठी, दुहेरी पलंगाची. एकटीने घडी घालायची म्हणजे मधला भाग हनुवटीखाली दाबायचा आणि दोन्ही हात पसरायचे. ती वर तशी उभी असायची, हनुवटीत चादर धरून, आणि खालून आवाज यायचा, "आलो आलो!"

शेवटी मेहुणाच म्हणाला, "भाऊजी, एक सोय आहे यात. सहयजमान नेमता येतो. पाहुण्यांना तोच उत्तरं देणार, चादरी, चाव्या, नळ, सगळं त्याच्याकडे. तुम्ही बसा स्क्रू पिळत."

"सहयजमान?" बायको हसून लाल झाली. "अरे, एका यजमानाने माझ्या नाकी नऊ आणलेत, त्यात हा जोडीला दुसरा?"

"ताई, हा कामाचा असेल," मेहुणा म्हणाला.

चष्मेवाल्याने ताबडतोब होकार दिला. आयुष्यात इतक्या चटकन तो कशालाच हो म्हणाला नव्हता.

२

माणूस दुसऱ्या दिवशी दुपारी आला. दुकानाच्या दारात उभा राहिला आणि म्हणाला, "सहयजमान म्हणून आलोय."

चष्मेवाला माणसांना चेहऱ्याने ओळखत नसे, चष्म्याने ओळखत असे. समोर कोणी आलं की याच्या डोक्यात आपोआप सुरू व्हायचं: नाकाचा दांडा बसका, गोल फ्रेम नको, कान वर-खाली, डावी काडी वाकवावी लागणार. या माणसाकडे त्याने तसंच पाहिलं, आणि धंद्याचा कस लागला. कुठली फ्रेम द्यावी हेच ठरेना. कुठलीही बसली असती. अशी सोयीची ठेवण त्याने पाहिली नव्हती. तेवढ्यात फोन वाजला, आणि फोन ठेवेपर्यंत तो चेहरा कसा होता हे त्याच्या ध्यानातून गेलं.

बायकोने माणसाला वरचं सगळं दाखवलं. चादरींचं कपाट, गरम पाण्याचं बटण, खिडकीची रुसलेली खिटी. त्याने निमूटपणे पाहून घेतलं आणि खाली आल्यावर एकच गोष्ट विचारली.

"तुम्ही हाक कशी मारता?"

"कोणाला?"

"काम पडलं की. हाक ओळखता आली पाहिजे."

बायको हसत सुटली. "आमच्याकडे हाक एकच. अहो!"

"म्हणजे अहो ऐकू आलं की यायचं."

"यायचं असं असतं हे माझ्या घरात कोणाला सांगू नका," ती म्हणाली. "इथे ती पद्धत नाही."

चष्मेवाला या थट्टेवर सगळ्यात मोठ्याने हसला. पोट धरून हसला. डोळ्यांतलं पाणी पुसत म्हणाला, "घ्या हो, ती हाक तुम्हीच घ्या! आजपासून तुमची. मी सुटलो."

माणसाने मान डोलावली. एखादी वस्तू हातात घेऊन जागच्या जागी ठेवावी, तशी.

३

पुढचे दिवस सुखाचे गेले, हे मान्य केलं पाहिजे. वरून 'अहो' ऐकू यायचं आणि चष्मेवाला जागचा हलायचा नाही. हलावं लागायचंच नाही. हाकेपाठोपाठ वरच उत्तर जायचं, धिम्या आवाजात, "ओ." मग पलंग सरकवल्याचा आवाज, नळाची कुरकुर बंद, आणि चादर झटकल्याचा तो भरदार फटका, जो चादरीला दोन्ही टोकांनी माणसं असल्याशिवाय येत नाही.

बायको बदलली. गुणगुणायला लागली. खाली आली की सांगायची, "तो म्हणे खिटीला मेण लावा. लावलं. लोण्यासारखी सरकते आता."

"बरं झालं," चष्मेवाला म्हणायचा, स्क्रूतून डोकं न काढता.

'सहयजमान' हा शब्द रोज तोंडात घोळवायला जड. आधी बायकोने थट्टेत त्याचा 'सह' पाडला. मग चादरी न्यायला येणाऱ्या लाँड्रीवाल्याने पाडला. "यजमानांनी सांगितलंय, उशांचे अभ्रे वेगळे बांधा," तो एकदा दुकानात येऊन म्हणाला.

"मी कुठे सांगितलं?" चष्मेवाला म्हणाला.

लाँड्रीवाल्याने त्याच्याकडे पाहिलं, मग वर छताकडे. "तुम्ही नाही हो. यजमान."

चष्मेवाल्याला याचीही गंमत वाटली. त्याने संध्याकाळी बायकोला ती रंगवून सांगितली. बायको हसली नाही. म्हणाली, "ते बरोबर सांगतात. अभ्र्यांना तेलाचे डाग असतात."

तो 'ते' चष्मेवाल्याच्या कानाला जरासा टोचला. कालपर्यंत तो 'तो' होता. पण कामाच्या माणसाला मान द्यावा, त्यात वावगं काय, असं म्हणून त्याने काच घासायला घेतली.

काच घासताना त्याला वर पावलं ऐकू आली. सपाता घातलेली. उजवं पाऊल नीट पडायचं आणि डावं थोडं घासत यायचं. फट्... सर्र. फट्... सर्र. ऐकता ऐकता त्याचा हात थांबला. ही चाल त्याने कुठेतरी ऐकली होती. रोज ऐकली होती, पण इतक्या वर कधीच नाही. त्याने टेबलाखाली स्वतःच्या पायांकडे पाहिलं. डाव्या सपातेचा तळ एका अंगाने झिजून पापुद्र्यासारखा झाला होता.

असेल. डावा पाय जगात बऱ्याच जणांचा घासतो.

४

मग मेहुण्याचा फोन आला.

"भाऊजी, चूक झाली, रागावू नका. त्या माणसाला पाठवायचं राहूनच गेलं बघा. तो दुसरीकडे लागला कामाला. आता दुसरा बघतो."

"अरे, कुठला माणूस?"

"सहयजमान हो! तुम्ही आतापर्यंत शिव्या घातल्या असतील मला."

समोरच्या भिंतीवर अक्षरांचा तक्ता होता, वर मोठी, खाली बारीक होत गेलेली. चष्मेवाल्याने उगाच तळची ओळ वाचायचा प्रयत्न केला. ती त्याला पाठ होती, म्हणून दिसत होती की नाही हे सांगता येईना.

"नको," तो म्हणाला. "आला आहे एक."

फोन ठेवल्यावर त्याने डोकं चालवलं. डोकं चांगलंच होतं त्याचं. फोनवरच्या सोयीतून परस्पर कोणी आला असेल. किंवा मेहुण्याने दोघांना सांगितलं असेल आणि एकालाच विसरला असेल. एकदा स्वतःचा चष्मा डोळ्यांवर असताना मेहुणा तो याच्या दुकानात शोधत बसला होता. हे पटण्यासारखं होतं. पटलंही. तरी तो उठला आणि स्वयंपाकघरात गेला. न बोलावता गेला, हे बायकोच्या लक्षात आलं नाही.

"काय गं, हा राहतो कुठे?"

"कोण?"

"सहयजमान."

"अहो, असं काय विचारता? इथेच असतात की."

"संध्याकाळी जातो ना घरी?"

बायको भाजी चिरत होती. सुरी थांबली नाही. "संध्याकाळी कुठे जातील? हे तर मला म्हणाले, पलंगाचा पाय दुरुस्त करून मगच खाली येतो."

हे.

आता 'हे' म्हणजे काहीही असू शकतं. हे भांडं, हे दार. पण ती ज्या स्वरात म्हणाली तो 'हे' एकाच माणसाचा असतो. शेजारणीला सांगताना, दुकानात भाव करताना, मुलीशी फोनवर बोलताना ती इतकी वर्षं ज्याच्याबद्दल 'हे' म्हणत आली होती, तो माणूस आत्ता तिच्यासमोर उभा होता. आणि ती वरच्या माणसाबद्दल बोलत होती.

"खाली येतो म्हणजे?" चष्मेवाल्याने विचारलं. "खाली कशाला?"

तिने मान वर केली. क्षणभर ती गोंधळली, जणू कोणीतरी अवघड आकडेमोड विचारली. मग म्हणाली, "चहा टाकू का तुम्हाला?"

५

दुसऱ्या दिवशी दुपारी चष्मेवाला वर गेला. कितीतरी दिवसांनी गेला. जिना चढताना डावं पाऊल घासत होतं, आणि आज त्याला ते ऐकू येत होतं.

पहिल्या खोलीत एक म्हातारे पाहुणे खिडकीशी वर्तमानपत्र वाचत बसले होते. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. काडी सैल झालीय, चष्मेवाल्याच्या मनात आलं.

"या," म्हातारे म्हणाले. "तुम्हीही आजच आलात का?"

"मी? मी इथलाच."

"छान, छान. जागा उत्तम आहे. आणि यजमान म्हणजे माणूस सोन्यासारखा. आत्ता चहा ठेवून गेले. जोडा कसा एकजीव आहे बघा दोघांचा! आमच्या वेळी आम्ही बायकोला चादरीची घडी घालू लागलो असतो तर चार लोक हसले असते."

शेजारच्या खोलीतून चादर झटकल्याचा फटका आला आणि त्यामागून बायकोचं हसू. हे हसू चष्मेवाल्याला ओळखीचं होतं, पण फार जुन्या ओळखीचं. मुलगी पाळण्यात असतानाचं. नंतर ते कुठे गेलं याची त्याने कधी चौकशी केली नव्हती.

दार अर्धवट लोटलेलं होतं. फटीतून पांढरी चादर दिसली, आडवी ताणलेली, पडद्यासारखी. अलीकडच्या टोकाला बायको. पलीकडच्या टोकाला चादरीच्या काठावर दोन हातांची बोटं. उजव्या अंगठ्याच्या नखावर आडवी चीर होती. स्क्रू पिळताना हत्यार सटकून नखाला जी चीर पडते, तीच. ती जन्मभर भरून येत नाही.

चष्मेवाल्याने आपला उजवा अंगठा मुठीत लपवला. का लपवला, हे त्याला सांगता आलं नसतं.

चादर दुमडली. बायको एक पाऊल पुढे गेली, ते हात एक पाऊल पुढे आले. पुन्हा दुमडली. आता चादर खाली येणार आणि मागचं दिसणार. त्याला पाहायचं होतं. त्याचसाठी तो वर आला होता. पण चादर खाली यायला लागली आणि त्याने डोळे मिटून घेतले. दुसऱ्यांच्या डोळ्यांवर ज्याचं पोट, त्याने स्वतःचे मिटले.

उघडले तेव्हा बायको घडी छातीशी धरून एकटी उभी होती.

"काही हवंय का?" तिने विचारलं.

६

संध्याकाळी त्याने बायकोला समोर बसवलं.

"हे सगळं बंद करू," तो म्हणाला. "पाहुणे नकोत, मदतनीस नको. आपण दोघं बरे."

"का?"

त्याच्याजवळ कारण नव्हतं. होतं ते सांगण्यासारखं नव्हतं. 'माझ्यासारखा चालतो' हे काय माणसाला कामावरून काढायचं कारण झालं?

"घरात परकी माणसं नकोत," तो म्हणाला.

बायको बराच वेळ टेबलावरचं पाणी बोटाने पसरवत राहिली. मग म्हणाली, "मी इतकी वर्षं भिंतींना हाका मारल्या. आता कोणीतरी ओ देतं. तेवढं तरी राहू द्या."

"मी देईन ओ."

"तुम्ही?"

"मी. उद्यापासून... नाही, आजपासून. तू मार हाक. बघ तरी."

ती त्याच्याकडे पाहत राहिली. तिच्या नजरेत राग नव्हता. राग असता तर त्याला बरं वाटलं असतं. "बरं," एवढंच म्हणाली आणि उठून स्वयंपाकघरात गेली.

चष्मेवाला खुर्चीच्या टोकाशी बसला, शाळेत नाव पुकारण्याची वाट पाहणाऱ्या पोरासारखा. कान ताणलेले, पाय जमिनीला टेकवलेले. आत भांड्यांचा आवाज. गॅस पेटल्याचा. डबा उघडल्याचा, झाकण लागल्याचा. मग ती म्हणाली, "अहो..."

तो ताडकन उठला. छातीत हवा भरली, ओठ गोल झाले, आणि 'ओ' त्याच्या तोंडातून बाहेर पडण्याआधी ऐकू आला. बोळातून. त्याच्याच आवाजात. पाठोपाठ त्याचंच, आळसावलेलं, लांबवलेलं, "आलो आलो!"

आणि ते खरंच आलं. फट्... सर्र. फट्... सर्र.

चष्मेवाला स्वयंपाकघराच्या दारात पोचला तेव्हा बायको वरच्या फळीवरचा डबा घेत होती. म्हणजे डबा तिच्या हातात येत होता, वरून, सावकाश. ती हात पसरून उभी होती. "असं. हळू," ती म्हणाली. "सापडला एकदाचा."

"ओ," चष्मेवाला दारातून म्हणाला. "ओ! अगं, मी आलो ना. हा बघ, आलो!"

तिने मागे वळून पाहिलं नाही.

७

सकाळी दुकान उघडल्याबरोबर त्याने मुलीला फोन लावला. मुलगी हुशार होती, सरळ बोलायची. ती म्हणेल, बाबा, डॉक्टरकडे जा. ते तरी त्याला चाललं असतं.

"काय झालं बाबा? काही विसरलात का?"

"म्हणजे?"

"आत्ताच तर ठेवला ना फोन."

चष्मेवाल्याचा हात काउंटरच्या काचेवर पडला आणि तिथेच राहिला. "कोणी ठेवला?"

"अहो बाबा!" ती हसली. "तुम्हीच की. मला किती बरं वाटलं माहितीये? नाहीतर तुम्ही 'धर, आईशी बोल' म्हणून मोकळे होता. आज स्वतःहून विचारलंत, जेवतेस का वेळेवर, घरमालक त्रास देतो का. मी रडले नंतर. खरंच."

"बाळा, ऐक. तो मी नव्हतो."

"बाबा, सकाळी सकाळी थट्टा नको हं."

"थट्टा नाही गं. आपल्याकडे एक माणूस आहे, त्याचा आवाज..."

मग ती म्हणाली, हळू, वेगळ्याच सावध स्वरात, "तुमचा आवाज नीट येत नाहीये. कोण बोलतंय?"

"मी! मी बोलतोय!"

"मी कोण?"

या प्रश्नाला बाप जे उत्तर देतो ते त्याने दिलं. पण ते देताना त्याचा आवाज चिरकला, आणि चिरकलेला आवाज त्याचा त्यालाच कोणा उपऱ्याचा वाटला. मुलीने फोन बंद केला होता.

मग त्याने फोनवरची ती पाहुण्यांची सोय उघडली. मेहुण्याने शिकवलं होतं: सहयजमानाच्या नावावर बोट दाबा, 'काढून टाका' येईल, ते दाबा. त्याने सगळं नीट केलं. खात्रीसाठी दोनदा केलं. दोन्ही वेळा एकच ओळ आली. ही सोय फक्त यजमानांसाठी आहे.

त्याने चष्मा कपाळावर सरकवला, फोन डोळ्यांजवळ आणला. त्याचा तोच फोटो होता, उधारी मागायला आल्यासारखा. त्याखाली आता लिहिलं होतं, 'सहयजमान'. तिकडून सगळ्यांनी मिळून पाडलेला 'सह' इकडे येऊन चिकटला होता.

८

आता एकच उरलं होतं. त्या माणसासमोर उभं राहायचं आणि चालता हो म्हणायचं. तोंडावर. घर याचं, बायको याची, सपातासुद्धा याच्या. दुकान तसंच उघडं टाकून चष्मेवाला आत शिरला, बोळातून गेला, जिना चढला. चढताना काय बोलायचं ते मोठ्याने म्हणत होता, म्हणजे ऐन वेळी विसरायला नको.

वर कोणी नव्हतं. म्हातारे पाहुणे गेले होते. एक खोली बंद होती. दुसरी उघडी, झाडून पुसून लख्ख. खिडकी लोण्यासारखी सरकवून ठेवलेली. पलंगावर एकाच माणसाची उशी. पायथ्याशी घडी घातलेला टॉवेल, त्यावर साबणाची नवी वडी. उन्हाचा चौकोन बरोबर पलंगावर पडला होता. वाट पाहणारी खोली कशी असते, ते चष्मेवाल्याला पहिल्यांदाच दिसलं. हे सगळं बायको रोज करायची. प्रत्येक अनोळखी माणसासाठी.

तो पाहत राहिला, आणि खाली कडी लागली.

फार मोठा आवाज नव्हता. लोखंडावर लोखंड घसरलं, एवढंच. पाहुणा आला की बायको लावायचीच ती. तो जिना उतरून दाराशी आला. ढकललं. मग वाजवलं. मग जरा जोराने वाजवलं.

कडी निघाली. दार चार बोटं उघडलं. फटीत बायकोचा चेहरा होता, शांत, पाहुण्यांसाठी असतो तसा हसरा.

"बाहेरच्या जिन्याने जायचं हं," ती म्हणाली. "हे दार घरच्यांचं आहे. पाणी वर ठेवलंय."

"अगं, मी आहे!"

तिने नीट पाहिलं. चष्मा काढला, साडीच्या काठाला पुसला, पुन्हा लावला. तो चष्मा त्यानेच बनवला होता. काचा स्वतः घासल्या होत्या, नंबर अगदी काटेकोर. तिला त्याच्या चेहऱ्यावरची रेघ न् रेघ दिसत असणार. तिच्या कपाळाला आठी पडली, ओठ हलले. काहीतरी वर येत होतं, खोल विहिरीतून बादली यावी तसं.

"तुम्हाला मी कुठेतरी..." ती म्हणाली.

"कोण आहे गं?" आतून त्याच्या आवाजाने विचारलं.

ती वळली. ती वळली म्हणून तिच्या खांद्यावरून चष्मेवाल्याला स्वयंपाकघर दिसलं, टेबल दिसलं आणि टेबलाशी बसलेला माणूस दिसला. माणसाने मान या बाजूला फिरवली. कोणी उठून गेलं की उशीवर डोक्याचा खळगा उरतो. तो चेहरा तसा होता. मऊ, दबलेला, अजून उबदार. आणि त्यात ज्याचा खळगा होता, त्याचं नाक, त्याचे गाल, त्याची भुवई चष्मेवाला रोज सकाळी दाढी करताना बघत आला होता. खळगा हळूहळू भरत होता.

"कोणी नाही हो," बायको म्हणाली. "वरचे पाहुणे आहेत." मग तिला वाटलं असावं की आपण जरा तुटक बोललो. तिचा स्वभाव मुळात गोड. ती पुन्हा फटीकडे वळली. "माफ करा, विचारायचंच राहिलं. तुमचं नाव काय म्हणालात?"

लग्नाला इतकी वर्षं झाली, तिने त्याला हा प्रश्न कधी विचारला नव्हता. नाव घेऊन तिने त्याला एकदाही हाक मारली नव्हती. चष्मेवाल्याने ते सांगितलं. आधी नुसतं नाव. मग पूर्ण सांगितलं, वडिलांच्या नावासकट, सावकाश, एकेक अक्षर स्पष्ट करून, तक्त्यावरची तळची ओळ वाचावी तसं.

तिने लक्ष देऊन ऐकलं. खरंच मनापासून ऐकलं.

"छान नाव आहे," ती म्हणाली. "पहिल्यांदाच ऐकलं."

आणि तिने कडी लावली.